दोन मार्कांचा तालमूद

आमच्या शाळेला वेळापत्रक नाही. वेळापत्रकं आहेत. सोमवार ते गुरुवारचं एक. शुक्रवारचं दुसरं. हिवाळ्यातल्या शुक्रवारचं तिसरं, कारण डिसेंबरात न्यू जर्सीचा सूर्य साडेचारच्या सुमारास दुकान आवरतो आणि त्याच्या 18 मिनिटं आधी घरोघरी शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या धार्मिक विश्रांतीच्या, मेणबत्त्या लागलेल्या असाव्या लागतात. म्हणजे पोरांना दीड-दोनलाच घरी पिटाळायचं. हिब्रू महिन्याच्या प्रतिपदेचं चौथं, कारण त्या दिवशी सकाळची प्रार्थना लांबते. उपासाचं पाचवं. बर्फ पडला तर सहावं. आणि बर्फ, प्रतिपदा आणि हिवाळी शुक्रवार एकाच दिवशी आले, तर ऑफिसातल्या बाई या सगळ्यांचा लसावि काढून एक सातवंच वेळापत्रक दारावर चिकटवतात. ते वाचून होईपर्यंत पहिला तास संपलेला असतो. मी फिजिक्सचा मास्तर. काळ सापेक्ष असतो हे मला ही नोकरी लागण्यापूर्वी फक्त पुस्तकातून माहीत होतं.

शाळा यहुदी मुलामुलींची, खासगी, आणि आहे न्यू जर्सीच्या बर्गन काउंटीत. न्यूयॉर्कहून जॉर्ज वॉशिंग्टन पूल ओलांडला की जी झाडीतली, हिरवळीची, दोन-दोन गाड्यांच्या गॅरेजवाली उपनगरं सुरू होतात, त्यातलं हे एक. शनिवारी इथली निम्मी वस्ती गाडीला हात लावत नाही. रविवारी गाडी काढून खरेदीला जावं, तर बर्गन काउंटीच्या जुन्या कायद्यानुसार रविवारी कपडे, फर्निचर, घरगुती यंत्रं विकायला बंदी. पॅरामसचे अवाढव्य मॉल कुलूप लावून बसलेले. शनिवार देवाचा, रविवार काउंटीचा. माझ्या सहकाऱ्यांना पँट घ्यायची असली तर रजा काढावी लागते.

मी ठाण्याच्या एका कॉलेजात शिकवत होतो आणि बायकोच्या नोकरीपायी इथे आलो. मुलाखतीत मुख्याध्यापकांनी एकच प्रश्न विचारला, “मुलांनी शंका काढलेल्या चालतात का?”

“चालतात काय, आवडतात,” मी म्हणालो. ठाण्यात माझ्या वर्गात विचारली गेलेली शेवटची शंका होती, “सर, हे परीक्षेला आहे का?” त्यामुळे मी मोठ्या मनाने बोलून गेलो. मुख्याध्यापक माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती कीव होती हे पुढे कळलं.

या शाळांचा दिवस दोन भागांत वाटलेला असतो. सकाळी धर्मशिक्षण, दुपारी गणित, विज्ञान, इंग्रजी, इतिहास वगैरे पोटापाण्याच्या गोष्टी. सकाळचा मुख्य पदार्थ तालमूद. मला वाटलं होतं, धर्मग्रंथ म्हणजे मुलं डोळे मिटून पाठांतर करत असतील. पहिल्याच दिवशी त्या दालनावरून गेलो आणि आत मारामारी चालली आहे असं समजून शिपाई शोधायला धावलो. तो अभ्यास होता. मुलं जोडीजोडीने समोरासमोर बसतात, त्या जोडीला हवरुता म्हणतात, आणि एकाने जे म्हटलं ते दुसऱ्याने खोडून काढायचं, हाच गृहपाठ. पानाची मांडणीसुद्धा त्याच वळणाची. मध्ये मूळ मजकूर, एका बाजूला अकराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या राशी या थोर पंडिताचं भाष्य, आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याच नातवांनी आणि त्यांच्या शिष्यांनी आजोबांच्या काढलेल्या चुका. त्याच पानावर, छापील, शतकानुशतकं. अशी 2,711 पानं. रोज एक घेतलं तर साडेसात वर्षं लागतात, आणि जगभर हजारो लोक खरोखर रोज एक घेतात. 1 जानेवारी 2020 रोजी असं एक आवर्तन पुरं होत असल्याचा सोहळा झाला तेव्हा आमच्याच काउंटीतल्या मेटलाइफ स्टेडियमवर, जिथे एरवी फुटबॉलचे सामने होतात, भर थंडीत नव्वद हजारांच्या आसपास माणसं जमली होती. पुस्तक संपलं म्हणून. आणि मग पुन्हा पहिल्या पानापासून वाद सुरू करायचा म्हणून शांतपणे घरी गेली.

असा चार तास घाम गाळून, अंग मोकळं करून आलेली मुलं दुपारी माझ्या पुढ्यात बसतात. मी फळ्यावर लिहितो, एफ बरोबर एम ए.

“असं कोण म्हणतं?”

“न्यूटन.”

“आणि दुसरं मत कोणाचं?”

“दुसरं मत नाही. हा नियम आहे.”

वर्गाचा चेहरा पडला. ज्या माणसाशी वाद घालायलाही कोणी फिरकलं नाही, त्याचं काय शिकायचं? मला त्यांची दया आली. म्हणालो, “पुढे सव्वादोनशे वर्षांनी आइन्स्टाइनने सांगितलं की फार मोठ्या वेगाला हे असंच्या असं लागू पडत नाही.” वर्ग खुलला. मागच्या बाकावरून कोणीतरी समाधानाने म्हणालं, “आणि तो आपल्यातला.” त्या दिवसापासून मी प्रत्येक नियमाला एक विरोधक शोधून ठेवतो. ओहमला विरोधक शोधताना माझा एक अख्खा रविवार गेला. दुकानं बंदच होती म्हणा.

जेवणाचं प्रकरण वेगळंच. शाळेच्या इमारतीत बाहेरचं शिजवलेलं अन्न आणायचं नाही, कारण ते कोशेर, म्हणजे धर्मनियमांत बसणारं, आहे की नाही कोण सांगणार. म्हणजे माझा पोळीभाजीचा डबा बाद. न चिरलेली फळं चालतात. त्यामुळे मी केळी नेतो. दरवाजावरचा सुरक्षारक्षक रोज माझं ओळखपत्र तपासतो, मला नखशिखांत ओळखत असूनही, आणि मग पिशवीत डोकावून म्हणतो, “आज किती?” आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “इथे असताना आषाढी-कार्तिकीला सुद्धा कधी उपास केला नाहीस. शेवटी यहुद्यांनी करायला लावला.” बायकोचं मत थोडं व्यवहारी आहे. पोट आत जातंय तोवर ही नोकरी सोडू नकोस, असं तिचं म्हणणं.

दुधाचे आणि मांसाचे पदार्थ एकत्र खायचे नाहीत, एवढं मला माहीत होतं. मात्र त्यात वेळेचाही हिशेब आहे, हे मला द्रव नायट्रोजनने शिकवलं. पदार्थाच्या अवस्था शिकवताना मी ठरवलं की मुलांसमोर द्रव नायट्रोजन ओतून मिनिटभरात आइस्क्रीम करून दाखवावं. दूध, साय, साखर सगळं कोशेर दुकानातून आणलं, रबायना, म्हणजे शाळेतल्या धर्मगुरूंना, दाखवून मंजूर करून घेतलं, भांडी नवी घेतली. दुपारी दोन वाजता पांढऱ्या धुराचे लोट, टाळ्या, आणि मोठ्या पातेल्यात उत्कृष्ट व्हॅनिला आइस्क्रीम. कोणी चमचा उचलेना.

“काय झालं?”

“मिस्टर के, आज जेवायला चिकन श्निट्झेल होतं.”

मांस खाल्ल्यावर बहुतेक घरांत दुधासाठी सहा तास थांबतात. जर्मनीहून आलेल्या घराण्यांत तीन. आणि हॉलंडच्या यहुद्यांत फक्त एक. जेवण साडेबाराला झालेलं. सगळा वर्ग पातेल्याभोवती सुतकी चेहऱ्याने उभा आणि त्या सगळ्यात एकटा एक डच वंशाचा मुलगा शांतपणे दुसऱ्यांदा वाढून घेतोय. वंशावळी बदलायला वेळ लागला नाही. एकाला आठवलं की त्याच्या आजीची आई ॲमस्टरडॅमची होती. दुसरीची पणजी रॉटरडॅमची निघाली. पाच मिनिटांत अख्ख्या वर्गाला डच पणज्या फुटल्या. तेवढ्यात रबाय आले, त्यांनी एकवार पातेल्याकडे आणि एकवार वर्गाकडे पाहिलं आणि म्हणाले, “चालीरीत वडिलांच्या घराण्याची धरायची.” पणज्या जशा आल्या तशा गेल्या. आइस्क्रीम मी आणि त्या डच पोराने संपवलं. माझ्या पोटात तर केळीच होती.

कॉपीचा खटला याहून अवघड. दोन मुलांच्या प्रयोगवह्यांत सारखेच आकडे, सारखीच खाडाखोड, एवढंच नव्हे तर एकाच ठिकाणी ‘घर्षण’ हा शब्द सारखाच चुकलेला. मी दोघांना बोलावलं. पहिला म्हणाला, “मी वही फक्त उचलून दारात धरली. त्याला दिली नाही.” दुसरा म्हणाला, “मी ती फक्त घेऊन बाकावर ठेवली. उचलली मी नव्हती.” आणि दोघेही माझ्याकडे निर्दोष सुटलेल्या माणसांच्या चेहऱ्याने बघू लागले. मला काही कळेना. स्टाफरूममध्ये विचारल्यावर उलगडा झाला. शब्बाथला घरातून रस्त्यावर वस्तू नेण्याबद्दलच्या प्रकरणाची सुरुवातच एका प्रसंगाने होते. भिकारी दाराबाहेर उभा, घरमालक आत. एकाने वस्तू उचलली आणि दुसऱ्याने ठेवली, तर काम अर्धं-अर्धं झालं म्हणून दोघेही शिक्षेतून सुटतात. पोरं सकाळी नेमकं तेच पान शिकून आली होती. मी रबायना म्हटलं, “मग आता?” ते म्हणाले, “त्यांना सांगा, शिक्षेतून सुटले तरी असं करायला मनाईच आहे, असंही पुढे आहे. तिथवर ते पोहोचले नसतील. घंटा झाली.”

विजेचा धडा मी आता घाबरत घाबरत घेतो. मंडल पूर्ण केलं की दिवा लागतो, एवढं वाक्य पुरतं. शब्बाथला वर्ज्य अशी 39 कामं आहेत आणि वीज त्यातल्या कुठल्या खात्यात टाकायची, यावर मोठमोठ्या पंडितांचं एकमत नाही. तापलेली तार म्हणजे अग्नी, असं काहींचं मत. हझोन इश नावाचे विसाव्या शतकातले थोर रबाय म्हणाले की मंडल जोडणं हे बांधकामच. वर्गात दोन तट पडले. एलईडीत तार तापतच नाही, मग अग्नी कुठला, असा मुद्दा एका मुलीने काढला आणि मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं. मी पी-एन संधी समजावून सांगितली. ठाण्यात जो भाग मुलं जांभया देत ऐकत, तो इथे खाली पिन पडली तरी ऐकू येईल अशा शांततेत ऐकला गेला. अर्धसंवाहकावर परलोक अवलंबून असला की एकाग्रता वाढते.

या सगळ्यात अभ्यासक्रम कधी पुरा होतो, असं बायको विचारते. सणांनंतर. ही इथली ठरलेली तारीख आहे. शाळा सप्टेंबरच्या तोंडावर उघडते, आणि घडी बसते न बसते तोच नववर्ष, मग उपास, मग योम किप्पुर, मग मांडवातला सुक्कोत, मग सिमहत तोरा. सलग तीन दिवस तास झाले तर मुलांनाच चुकल्याचुकल्यासारखं होतं. प्रिंटर कधी दुरुस्त होणार? सणांनंतर. पगारवाढीचं? सणांनंतर बोलू. आमच्या फ्रिजवर शाळेचं कॅलेंडर आणि कालनिर्णय शेजारी-शेजारी लटकतात. दोघांनाही अधिक महिन्याची खोड आहे, पण एका वर्षी येतील तर शपथ. 2023 मध्ये आमचा श्रावण दोनदा आला, त्यांचा अदार दोनदा आला 2024 मध्ये. आणि सगळं जग नाताळात सुट्टीवर जातं, पण आमची मोठी सुट्टी जानेवारीच्या अखेरीस. तेव्हा अख्खी शाळा फ्लोरिडाच्या विमानतळावर एकमेकांना भेटते.

तर मुद्दा दोन मार्कांचा. सहामाहीत मी एक साधा प्रश्न घातला. एक माणूस 10 किलोची पिशवी घेऊन सपाट रस्त्यावरून एकसमान वेगाने 20 मीटर चालतो, तर त्याने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध किती कार्य केलं? उत्तर शून्य. पिशवी वर गेली नाही, खाली आली नाही, संपला विषय. दहावीतल्या एका मुलाने लिहिलं, “वार कोणता, ते दिलेलं नाही. शनिवार असेल तर चार हात पुढे गेल्याबरोबर काम झालं. मात्र एरुव असेल तर शून्य.”

एरुव म्हणजे अख्ख्या उपनगराभोवती विजेच्या खांबांवरून फिरवलेली एक तार. खांब म्हणजे चौकटीची बाजू, तार म्हणजे वरची पट्टी, असे दरवाजेच दरवाजे ओळीने उभे आहेत असं मानायचं, की आतलं सगळं गाव म्हणजे एक घर. मग शनिवारी खिशात किल्ली नेता येते, बाबागाडी ढकलता येते. दर आठवड्याला एक माणूस सगळी तार फिरून तपासतो आणि शुक्रवारी निरोप येतो की एरुव ठीक आहे. शेजारच्या टेनाफ्लायच्या नगरपालिकेने एरुवसाठी खांबांना लावलेल्या काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढायला सांगितल्या, तर प्रकरण फेडरल कोर्टात गेलं आणि 2002 साली अपील कोर्टाने पट्ट्यांच्या बाजूने कौल दिला. एका तारेसाठी जो समाज तिथवर जातो, तो दोन मार्कांसाठी कुठवर जाईल याचा अंदाज मला यायला हवा होता.

मुलगा तास संपल्यावर आला. “मिस्टर के, शब्बाथला मी घरातल्या घरात दिवसभर सोफा हलवला तरी ते काम नाही. पण हातरुमाल रस्त्यावर नेला तर काम. हे तुम्हाला विचित्र वाटतं ना?”

“थोडंसं.”

“तुमच्या फिजिक्समध्ये माणूस दहा किलो उचलून घामाघूम होतो आणि उत्तर शून्य येतं.”

मी त्याला पालकसभेला आईवडिलांना पाठव म्हणालो. ही पळवाट होती, कबूल. प्रत्येक पालकाला पाच मिनिटं. आई आत आली, मी हात पुढे केला, ती दोन पावलं मागे सरकली. परपुरुषाशी हस्तांदोलन करत नाहीत त्यांच्यात. मी तोच हात वळवून नमस्कार केला, तिने कौतुकाने मान डोलावली. इतकंच काय ते माझ्या बाजूने झालं. वडील वकील होते. वर्षाला पंचवीस-तीस हजार डॉलरच्या वर फी भरणाऱ्या माणसाला पाच मिनिटं म्हणजे किती डॉलरची, हे त्यांना तोंडपाठ होतं. ते म्हणाले, “प्रश्नात वार नाही, गाव नाही, एरुवचा उल्लेख नाही. संदिग्धतेचा फायदा कोणाला मिळतो?”

मी पेपर घेऊन स्टाफरूममध्ये गेलो. मला वाटलं, रबाय मुलाला दटावतील. त्यांचा चेहरा लग्नाची पत्रिका आल्यासारखा उजळला. त्यांनी दुसऱ्या रबायना हाक मारली. पहिले म्हणाले, पूर्ण दोन. दुसरे म्हणाले, एक, कारण मुलाने रस्ता सार्वजनिक आहे का हे विचारलंच नाही. गणिताच्या बाई म्हणाल्या, शून्य, आणि दोघांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्या कॉफी आणायला गेल्या. दुपारच्या प्रार्थनेची वेळ झाली तरी निकाल नाही. शेवटी पहिले रबाय म्हणाले, “राहू दे. तालमूदातही काही प्रश्न असेच सोडलेत. एलियाहू प्रेषित येतील तेव्हा निकाल देतील.”

माझं आजोळ अलिबागजवळचं. मी म्हणून गेलो, “ते येऊन गेले.”

“कुठे?”

“अलिबागला.”

मुंबईत ‘अलिबागसे आया है क्या’ हे वाक्य मी जन्मभर ऐकलंय. त्यावर बंदी घाला म्हणून 2019 मध्ये कोणी हायकोर्टात गेलं, तर कोर्टाने ते हसण्यावारी नेलं. त्या दिवशी मात्र न्यू जर्सीतल्या दोन विद्वानांनी खुर्च्या पुढे ओढल्या. मी त्यांना सांगितलं, नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून वाढलो असं सांगणाऱ्या बेने इस्राएल यहुद्यांबद्दल. मराठी बोलणारे, गावावरून आडनाव लावणारे, तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद म्हणून शनिवार तेली म्हटले जाणारे. अलिबागेत त्यांच्या नावाची इस्रायल आळी आहे, सिनेगॉग आहे. एलियाहूंवर त्यांची भारी भक्ती. नवस फेडायला गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळं घालून मलिदा करतात. आणि अलिबागजवळ खडकावर एलियाहूंच्या रथाच्या खुणा दाखवतात, असं मी आजीकडून ऐकलेलं.

दुसऱ्या दिवशी मुलाला हे सगळं कळलेलं होतं. तो तास सुरू होण्याआधीच उभा. “मिस्टर के, ते आले होते तेव्हा माझ्या दोन मार्कांबद्दल काही बोलले का?”

“नाही. पण तू त्यांच्या रथाचं गणित सोडव, दोन मार्क देतो.” आणि मी फळ्यावर लिहिलं, चाकांची खूण 5 मीटर लांब आहे असं धरा, घर्षण गुणांक 0.6 धरा, रथ जमिनीला टेकला तेव्हाचा वेग काढा. उत्तर येतं ताशी 28 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अलिबाग-रेवदंडा एसटीपेक्षा किंचित जास्त. रथाचं वजन लागतच नाही, ते समीकरणातून उडून जातं. वजन दिलेलं नाही अशी तक्रार घेऊन वडील येतील आणि मी त्यांना सगळ्यांदेखत खाली बसवीन, असा माझा डाव होता.

मुलाने कोरा कागद दिला. खाली एकच ओळ. “राजे, दुसरा ग्रंथ, अध्याय 2 प्रमाणे रथ अग्नीचा होता. अग्नीला घर्षण असतं का?”

मी मुकाट्याने दोन मार्क देऊन टाकले. सोमवारी वर्गावर गेलो तर बाकीची पोरं हातात पेपर घेऊन दारातच रांगेत उभी. सगळ्यात पुढे तो डच मुलगा.

“मिस्टर के,” तो म्हणाला, “माझी पणजी अलिबागची होती.”